पोट साफ होत नाही: साधं बद्धकोष्ठ की आयबीएस?

आमचे एक काका रोज सकाळी दोनदा जाऊन येतात आणि तरी चहा घेताना म्हणतात "आज पोट काही साफ झालं नाही". आता हे बद्धकोष्ठ म्हणायचं, की आयबीएस-सी, म्हणजे बद्धकोष्ठवालं आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, ज्यात पोट दुखतं आणि शौचाची सवय बिघडते)? कागदावर फरक सोपा आहे.

दोन्हीकडे कडक होते, कुंथावं लागतं, राहिल्यासारखं वाटतं. फरक दुखण्याचा. पोटाचे असले आजार ओळखायला जगभरचे तज्ज्ञ जे निकष वापरतात त्यांना रोम म्हणतात; त्यातले रोम ४ हे निकष २०१६ मध्ये आले, त्यात आयबीएससाठी पोट दुखणं लागतंच, शेवटचे ३ महिने आठवड्यातून सरासरी १ दिवस तरी, आणि सोबत तीनपैकी दोन गोष्टी हव्यात: ते शौचाशी जोडलेलं असणं, जाण्याची वारंवारता बदलणं, शौचाचं रूप बदलणं. फंक्शनल बद्धकोष्ठात (म्हणजे साधं, मागे दुसरा आजार सापडत नाही असं) थोडंफार दुखलं तरी चालतं, पण मुख्य तक्रार ती नसते. आणि तिथे सहापैकी दोन गोष्टी जमल्या की झालं, आठवड्यात ३ पेक्षा कमी वेळा जाणं ही त्यातली फक्त एक. लोक नेमकी तेवढीच धरून बसतात! म्हणून काका रोज दोनदा जात असले तरी कुंथणं आणि राहिल्यासारखं वाटणं चारातून एकदापेक्षा जास्त होत असेल तर ते या यादीत बसू शकतात.

तसंही ३ वेळांचा आकडा पाश्चात्त्य लोकांच्या सवयीवरून आलाय, आपल्याकडे बहुतेक लोक रोज एकदा तरी जातात, त्यामुळे इथे तो आकडा फार कोणाला पकडत नाही. ब्रिस्टल चार्टचंही (शौच कडक ते पातळ अशा चित्रांचा तक्ता) तेच, ७ प्रकारांपैकी रोमच्या हिशेबात पहिले दोनच कडक, पण आपल्याकडच्या तज्ज्ञांचं म्हणणं की तिसराही बद्धकोष्ठात धरा.

खरी गंमत भाषेची आहे. रोम ३ मध्ये (२००६) "वेदना किंवा डिस्कम्फर्ट" असं होतं, रोम ४ ने डिस्कम्फर्ट काढून टाकला, एक कारण हे की बऱ्याच भाषांत त्याला नीट शब्दच नाही आणि असला तरी प्रत्येकजण वेगळं काहीतरी समजतो. मराठीत बघा ना, "अस्वस्थ वाटतं" म्हटलं तर लोकांना मनाचं वाटतं. पोटासाठी आपण म्हणतो डब्ब झालंय, गच्च झालंय, जड वाटतंय, कसंतरी होतंय, आणि सगळ्यात वर गॅस! डॉक्टरने विचारलं "दुखतं का?" की उत्तर येतं "दुखत नाही हो, नुसता गॅस होतो". झालं, माणूस आयबीएसच्या खोक्यातून बाहेर आणि बद्धकोष्ठाच्या खोक्यात, पोट मात्र तेच. ३३ देशांतल्या ७३ हजारांवर लोकांच्या पाहणीत (२०२१ ला छापून आली) इंटरनेटवर उत्तरं दिलेल्यांत रोम ३ प्रमाणे आयबीएस १०.१ टक्के निघालं आणि रोम ४ प्रमाणे ४.१. पोटं तीच, चाळणी बदलली.

उलट आपल्याकडे "मुरडा" हा शब्द आहे, शौचाशी जोडलेली कळ, म्हणजे रोमवाल्यांना जे हवंय जवळपास तेच. पण मुरडा म्हटलं की पुढचा प्रश्न "आव पडते का?" आणि मग जंतांच्या नाहीतर अमिबाच्या गोळ्या, आयबीएसचा विषयच निघत नाही.

उपचारात फरक पडतो म्हणून हा सगळा खटाटोप. इसबगोल दोन्हीकडे चालतं, पण पाणी ओढणारी रेचकं शौच सुधारतात, दुखणं फारसं नाही, आयबीएसला दुखण्यासाठी वेगळं काही लागतं. आणि बद्धकोष्ठ औषधांनी हलतच नसेल तर कुंथताना खालचे स्नायू सैल होतात का ते तपासायला हवं, कारण त्यावर बायोफीडबॅकचा व्यायाम असतो (यंत्रावर स्नायूंची हालचाल बघत ते सैल सोडायला शिकणं). (रक्त जात असेल किंवा वजन उतरत असेल तर हे निकष बाजूला ठेवा, आधी डॉक्टर.)

काकांना मी शेवटी "दुखतं का" न विचारता "जायच्या आधी कळ येते का, जाऊन आल्यावर बरं वाटतं का" असं विचारलं. म्हणाले, "कळ तर येतेच की, ती काय दुखणं आहे का?"