पावणेचार इंची फिगर (स्टार वॉर्स)

'स्टार वॉर्स' या १९७७ च्या सिनेमातल्या पात्रांची छोटी प्लॅस्टिकची खेळणी. अमेरिकेत सिनसिनाटीच्या केनर कंपनीने १९७८ ते १९८५ मध्ये काढलेला माल तो 'व्हिंटेज' आणि १९९५ पासून पुन्हा सुरू झाला तो 'मॉडर्न', अशी कलेक्टर लोकांची साधी विभागणी आहे. 'बाहुली' म्हटलेलं यातल्या कोणालाच आवडत नाही, मुंबईत मराठीत बोलतानाही शब्द 'फिगर' हाच.

पावणेचार हे माप तसं नावापुरतंच. सिनेमाचा नायक ल्यूक तेवढा आहे, पण बुटका जावा आणि रोबो आर-टू-डी-टू जेमतेम सव्वादोन भरतात आणि डार्थ व्हेडर सव्वाचार. (पावणे-सव्वा आपल्याकडे आयतेच असल्यामुळे हे सगळं मराठीत सांगायला फार सोपं जातं.) मान, दोन खांदे, दोन मांड्या एवढेच पाच सांधे, गुडघा वाकत नाही.

आता माप हेच का ठरलं, यावर एकमत नाही. सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे केनरचे तेव्हाचे प्रमुख बर्नार्ड लूमिस यांनी अंगठा आणि तर्जनी ताणून 'एवढा ल्यूक केला तर?' असं विचारलं, आणि डिझाइनवाल्याने ते अंतर पट्टीने मोजलं तर पावणेचार निघालं. गोष्ट छान आहे, जरा जास्तच छान आहे. दुसरं मत असं की सुरुवातीचे नमुने फिशर-प्राइसच्या 'ॲडव्हेंचर पीपल' या फिगर कापून, रंगवून, वर काहीबाही चिकटवून बनवले होते, त्या १९७५ पासून बाजारात होत्या आणि त्यांची उंची आधीच साधारण तेवढी होती, म्हणजे माप बोटांनी ठरलं नसून टेबलावर पडलेल्या मालाने ठरलं. तिसरं मत जपानकडे बोट दाखवतं. ताकारा कंपनीचे 'मायक्रोमॅन' १९७४ चे, उंची साधारण तीच, आणि तेच १९७६ पासून अमेरिकेत 'मायक्रोनॉट्स' नावाने विकणारी मेगो कंपनी म्हणजे जिने स्टार वॉर्सचं लायसन नाकारलं तीच. योगायोग मजेशीर आहे पण केनरने तिकडून माप उचललं याला धड पुरावा मिळत नाही.

माप लहान हवं यामागचं कारण मात्र सगळे एकच सांगतात: फिगरना बसायची अवकाशयानं. तोपर्यंत चालणारी बारा इंची फिगर धरली असती तर तिला बसायला सिनेमातलं मिलेनियम फाल्कन हे यान पाच फुटांच्या घरात गेलं असतं, आणि वन रूम किचनमध्ये ते दिवाणाखालीही गेलं नसतं. त्यामुळे गरज यानांची, आकडा फिशर-प्राइसचा आणि बोटांची गोष्ट नंतर रंगलेली, असं धरलेलं बरं.

१९७७ च्या ख्रिसमसला फिगर तयारच नव्हत्या, म्हणून केनरने पुठ्ठ्याचं पाकीट विकलं ज्यात सर्टिफिकेट होतं, ते पाठवलं की पुढच्या वर्षी ल्यूक, लिया, च्युबाका आणि आर-टू असे चौघे पोस्टाने घरी. पहिली पूर्ण खेप बारा पात्रांची, फिगर ज्यावर पॅक असते त्या, मागच्या बाजूला बाराच फोटो असलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डाला 'ट्वेल्व्ह-बॅक' म्हणतात. या खेपेतला जावा आधी व्हिनाइलच्या (म्हणजे प्लॅस्टिकच्या) केपमध्ये, म्हणजे झग्यात, आला आणि लगेच कापडी केपमध्ये गेला, म्हणून व्हिनाइलवाला महाग, आणि म्हणूनच दुसऱ्या फिगरचा केप कात्रीने छाटून जावाला घातलेले नग भरपूर फिरतात.

१९७९ च्या बोबा फेट या पात्राच्या पाठीवरून रॉकेट उडणार अशी जाहिरात होती. पण त्याच सुमारास दुसऱ्या कंपनीच्या खेळण्यातली मिसाइल घशात अडकून एक मुलगा गेला, आणि केनरने रॉकेट चिकटवूनच पाठवलं. उडणारे नमुने तेवढे मागे राहिले. पाठीवरच्या खाचेच्या आकारावरून त्यांची नावं 'एल-स्लॉट' आणि 'जे-स्लॉट', त्यातला एक २०२४ मध्ये लिलावात ५ लाख डॉलरच्या वर गेला.

मुंबईत हे माप घरोघरी पोचलं ते स्टार वॉर्समुळे नाही, फनस्कूल कंपनीच्या जी. आय. जो या सैनिकांच्या फिगरमुळे. अमेरिकेतल्या हॅस्ब्रो कंपनीने १९८२ मध्ये जी. आय. जो याच मापात आणला होता, फनस्कूल १९८७ ची, आणि त्या पिढीतल्या कित्येकांच्या दिवाळीतल्या किल्ल्यावर मातीच्या मावळ्यांच्या रांगेत एखादा मशीनगनवाला उभा असायचाच, महाराजांच्या जरा खालच्या पायरीवर.

जुना माल शोधणारे भेंडी बाजाराजवळच्या मटन स्ट्रीटला, म्हणजे चोर बाजारात, शुक्रवारी पहाटे जातात. टोपलीत हेडफोनच्या वायरी, रिमोट, तुटके हॉट व्हील्स, आणि त्यात एखादा स्टॉर्मट्रूपर, म्हणजे सिनेमातला पांढऱ्या चिलखतातला शिपाई. तो उलटा करून मोबाइलच्या टॉर्चमध्ये पायाची मागची बाजू बघायची, तिथे बारीक अक्षरांत कंपनीचं नाव, साल आणि हाँगकाँग, तैवान असं काहीतरी कोरलेलं असतं. काही अस्सल नगांवर देशाचं नाव नसतंही, त्यामुळे नुसतं ते नाही म्हणून लगेच बूटलेग, म्हणजे नकली, ठरवू नये. बाहेरून मागवणं आता परवडत नाही, खेळण्यांवरची ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०.

जपणूक हा इथला वेगळाच ताप. जुलैत हवेनेच कार्ड कमानीसारखं वाकतं, फिगर झाकणारा पारदर्शक बबल कडेने सुटतो, पांढरं प्लॅस्टिक खिडकीजवळ ठेवलं तर दोन-चार उन्हाळ्यांत पिवळं पडतं. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून पांढरं करतात, पण अशा नगाला बरेच जण अस्सल धरत नाहीत. हरवतात ती मुख्यतः हत्यारं, बोटाच्या पेराएवढी पिस्तुलं. खऱ्या-खोट्यासाठी ती पाण्यात तरंगतात का बुडतात हे बघतात, पण भरवशाची टेस्ट नव्हे ती. सापडलेली पिस्तुलं लोक गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत सिलिका जेलच्या पुडीसकट ठेवतात.