१+१ म्हणजे २एन नव्हे: यूपीएसच्या राखीव रचनांची पार्श्वभूमी

मोटर, जनरेटर आणि फ्लायव्हील एकत्र फिरवून वीज टिकवण्याचा जमाना १९५७च्या थायरिस्टरनंतर (वीज नियंत्रित करणारा अर्धवाहक स्विच) ओसरत गेला. फिरते भाग नसलेली यूपीएस (पुरवठा गेला तरी वीज अखंड देणारी यंत्रणा) आली, पण त्यांचे आउटपुट जुळवून समांतर चालवणे अवघड होते. म्हणून दुसरा संच रिकामा उभा ठेवून त्याचे आउटपुट पहिल्याच्या बायपासला (यूपीएसला वगळून लोडकडे जाणारी पर्यायी वाट) जोडत. दोन वेगळ्या बनावटींचे संचही त्यात चालत. मात्र पहिला कोसळला, की दुसऱ्यावर शून्यापासून एकदम सगळा लोड यायचा.

समांतर जोडणी जमल्यावर एन+१ रूढ झाले आणि घोळाला सुरुवात झाली. एन म्हणजे लोड पेलायला लागणारे किमान संच, +१ म्हणजे एक जादा. ५५० केव्हीए (वीजक्षमतेचे एकक) लोडला २०० केव्हीएचे तीन संच पुरतात; चौथा बसवला की एन+१. लोड ६५०वर गेला, की तेच चार संच नुसते एन. खोलीतली पाटी मात्र तीच!

खरा गुंता दोन संचांत आहे. एकेक संच पूर्ण लोड पेलत असेल तर १+१ आणि २एन, दोन्हीकडे यंत्रे दोनच. कागदावर हे शब्द एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरले जातात. ही चूक किरकोळ नाही. १+१मध्ये दोघांचे आउटपुट एकाच बसबारवर (वीज पुढे वाटणारी धातूची पट्टी) येते. तिथे शॉर्टसर्किट झाले, तर दोन्ही संच धडधाकट असूनही लोड बंद. २एनमध्ये पॅनेल आणि केबलसुद्धा वेगळी, थेट सर्व्हरच्या प्लगपर्यंत. एकाच कपाटात जादा मॉड्यूल बसवणारी अलीकडची यूपीएसही, बायपास आणि आउटपुट सामाईक असतील तर, १+१च्याच जातकुळीतली.

अर्थात, उपकरणाला एकच वायर असताना दोन वाटा शेवटी कुठेतरी एकत्र आणाव्याच लागत. तिथे स्टॅटिक ट्रान्सफर स्विच असे. ५० हर्ट्झवर पाव आवर्तनात, म्हणजे सुमारे ५ मिलिसेकंदांत तो वाट बदलतो. पण तो स्वतः बिघडला तर? दोन पॉवर सप्लायचे सर्व्हर रुळल्यावर हा प्रश्न बराच सुटला.

मग आक्षेप आला खर्चाचा. २एनमध्ये एकेका बाजूवर निम्म्याहून जास्त लोड ठेवता येत नाही आणि कमी लोडवर जुन्या यूपीएसची कार्यक्षमता घसरते. त्यामुळे तीन यंत्रणांत लोड फिरता वाटायची पद्धत आली: अ-ब, ब-क, क-अ. प्रत्येक यंत्रणा ६६ टक्क्यांपर्यंत वापरता येते. चार असतील तर ७५. अट एवढीच, की कोणता रॅक (सर्व्हरची मांडणी) कोणत्या जोडीवर आहे याची नोंद चोख हवी. बरेचसे रॅक नकळत अ-बवरच चढले, तर अ बंद पडताच ब ओव्हरलोड होतो आणि क जवळजवळ मोकळी असूनही उपयोगाला येत नाही.