दमट उष्णता व उष्णकटिबंधीय पक्षी

हवेचे तापमान व आर्द्रता एकाच वेळी वाढल्याने उष्ण कटिबंधातील पक्ष्यांच्या तापमान-नियमनावर पडणारा ताण. पक्ष्यांना घर्मग्रंथी नसतात व त्यांच्या शरीराचे तापमान मुळातच सु. ४०° ते ४२° से. असते. हवा त्याहून थंड असेतो उघडे पाय व चोच यांवाटे उष्णता बाहेर जाते. हवा शरीराइतकी तापली की बाष्पीभवन हा एकच मार्ग उरतो. चिमणी, मुनिया यांसारखे पक्षी चोच उघडून धापतात, रातवे व पाणकावळे घशाची कातडी फडफडवतात, तर होले व पारवे यांच्या त्वचेतूनच पुष्कळ पाणी उडून जाते. धापताना स्नायूंच्या कामामुळे आणखी उष्णता निर्माण होत असल्याने पहिल्या गटाची स्थिती सर्वांत नाजूक असते.

१ ग्रॅम पाण्याचे बाष्प होताना सु. २,४०० जूल उष्णता शोषली जाते. बाष्पीभवनाचा वेग मात्र श्वसनमार्गाचे ओले अस्तर व बाहेरची हवा यांच्या बाष्पदाबांतील (बाष्पामुळे पडणाऱ्या दाबांतील) फरकावर अवलंबून असतो. त्यामुळे ४२° से. व ३०% सापेक्ष आर्द्रतेच्या हवेपेक्षा ३५° से. व ८०% आर्द्रतेच्या हवेत ते बरेच मंदावते. केवळ तापमापकावरून धोक्याचा अंदाज बांधणे म्हणूनच अपुरे ठरते. दक्षिण आफ्रिकेतील क्वाझुलू-नाताल प्रांतात पोंगोला येथे नोव्हेंबर २०२० मध्ये एकाच उष्ण दिवशी अनेक पक्षी व फलाहारी वटवाघळे मरण पावली. त्या दिवशीचे कमाल तापमान ४३° ते ४५° से.च्या दरम्यान असावे. त्याला आर्द्रतेची जोड मिळाल्याचे अभ्यासक मानतात. याउलट लाल चोचीचा क्वेलिया हा आफ्रिकेतील लहान धान्यभक्षी पक्षी शरीराचे तापमान काही काळ ४८° से.पर्यंत चढू देतो.

उष्ण कटिबंधातील प्राण्यांची तापमान-सहिष्णुता संकुचित असावी, हा विचार अमेरिकी परिस्थितिवैज्ञानिक डॅनियल जॅन्झेन यांच्या १९६७ मधील मांडणीतून रूढ झाला. पक्ष्यांवरील नंतरच्या मोजमापांत समशीतोष्ण व उष्णकटिबंधीय जातींतील फरक अपेक्षेपेक्षा कमी आढळला. त्यामुळे उष्णकटिबंधीय पक्ष्यांवरील परिणामांमागे थेट उष्णतेपेक्षा अन्नकीटकांची घट व लांबणारा कोरडा ऋतू यांसारख्या अप्रत्यक्ष कारणांना अधिक महत्त्व देणारे मत जास्त ग्राह्य वाटते. ब्राझीलमध्ये मानाउसजवळच्या अबाधित जंगलातही अनेक जातींचे वजन काही दशकांत घटल्याचे व काहींचे पंख लांबल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पेरूतील पँटियाकोला डोंगरावर १९८५ व २०१७ मधील पाहण्यांची तुलना करता पक्षी वर सरकलेले व माथ्यावरच्या काही जाती नाहीशा झालेल्या दिसल्या. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातील शोला वनांपुरत्या (उंचावरील सदाहरित वनांपुरत्या) मर्यादित शोलाकिळी या लहान पक्ष्यालाही वर सरकण्यास फारसा वाव नाही. तेथील सर्वोच्च शिखर आनमुडी २,६९५ मी. उंच आहे.