चेस्टरफील्डचा वाकडा कळस

इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यातील चेस्टरफील्ड येथील सेंट मेरी अँड ऑल सेंट्स या मध्ययुगीन पॅरिश (स्थानिक धर्मविभागाच्या) चर्चचा लाकडी कळस. जमिनीपासून त्याचे टोक २२८ फूट (सु. ६९ मी.) उंच आहे. कळस सुमारे ४५ अंशांनी पिळवटलेला असून टोक मूळ मध्यापासून सुमारे साडेनऊ फूट बाजूला झुकले आहे.

चर्चचा आराखडा क्रुसाकार आहे. पश्चिमेस उपासकांचे लांब दालन, पूर्वेस वेदी, उत्तर-दक्षिणेस दोन बाहू आणि चारही भाग मिळतात तिथे दगडी मनोरा. इमारत मुख्यतः तेराव्या-चौदाव्या शतकांतली, कळस सु. १३६२ मध्ये चढवला. तो मनोऱ्याला जखडलेला नाही, स्वतःच्या वजनाने बसला आहे.

लोककथा वाकाचा दोष सैतानाला देते. खरी कारणे सुतारकामात आणि शिशात आहेत. १३४९ च्या प्लेगच्या महामारीत कसबी सुतार मेल्यामुळे बांधकाम बिघडले, असे पूर्वी मानत. ओल्या ओकचे लाकूड वापरले हाही जुना आक्षेप. पण तो एकटा पुरत नाही. वाळलेला ओक हत्याराला दाद देत नाही, म्हणून त्या काळी तो ओलाच कापत, जोडत आणि जागेवर सुकू देत. सुकताना तो आकसतो व पिळतो. त्याला ताब्यात ठेवतात ते तिरके आधार, आणि तेच इथे अपुरे होते. त्यात मूळच्या हलक्या लाकडी फळ्यांच्या आच्छादनाऐवजी पुढे सुमारे ३३ टन शिशाचे पत्रे आले. एवढा भार या सांगाड्याने पेलायचाच नव्हता. शिवाय शिसे उन्हाने बरेच प्रसरण पावते. दक्षिणेची बाजू दिवसभर तापते, उत्तरेची थंड राहते. पत्रे असमान ताणले जातात आणि खालचे लाकूड त्यांच्यामागे ओढले जाते.

पिळ आहे त्याहून जास्त भासतो, कारण पत्रे तिरकस ओळींत, हेरिंगबोन (माशाच्या काट्यासारख्या) पद्धतीने बसवले आहेत. त्यामुळे अष्टकोनी कळसाची प्रत्येक बाजू दुभंगल्यासारखी दिसते.

२२ डिसेंबर १९६१ रोजी उत्तर बाहूत आग लागून १७५६ चा स्नेट्झलरने घडवलेला ऑर्गन नष्ट झाला. शेजारच्या मनोऱ्यावरचा शेकडो वर्षांचा सुका ओक मात्र वाचला. गावाच्या फुटबॉल संघाला ‘स्पायराइट्स’ हे टोपणनाव या कळसावरूनच (इंग्रजीत ‘स्पायर’) मिळाले आहे.