स्वजाहिरात, लघुव्यावसायिकांची

लहान दुकानदार, कारागीर, घरगुती उत्पादक किंवा एकट्याने सेवा पुरवणारी व्यक्ती जाहिरातसंस्थेची मदत न घेता, स्वतःच्या नावाने आणि बहुतेक वेळा स्वतःच्याच शब्दांत आपल्या धंद्याची जी प्रसिद्धी करते, तिला स्वजाहिरात म्हणता येईल. दुकानाची पाटी, दवंडी, हस्तपत्रक, नाव छापलेली दिनदर्शिका ही तिची जुनी साधने. गेल्या सुमारे दीड दशकात फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम आणि गूगलच्या नकाशावरील दुकानाची नोंद यांची त्यांत भर पडली. ‘लघु’ हा शब्द येथे व्यवहारातल्या अर्थाने घेतला आहे. सरकारी व्याख्येत (१ एप्रिल २०२५ पासूनचे निकष) यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटी आणि वार्षिक उलाढाल १० कोटी रुपयांपर्यंत असलेला उद्योगही ‘सूक्ष्म’च ठरतो. घरी चकल्या तळून विकणारी बाई किंवा कोपऱ्यावरचा शिंपी हे या सूक्ष्माच्याही तळाशी येतात, आणि नोंदीचा विषय प्रामुख्याने तेच आहेत.

‘जाहिरात’ या शब्दाची घडण थोडी गुंतागुंतीची आहे. मूळ अरबी ‘ज़ाहिर’ (उघड, स्पष्ट) हा शब्द फार्सीमार्गे मराठीत ‘जाहीर’ झाला, याविषयी मतभेद नाही. प्रश्न ‘-आत’ या अंत्याचा आहे. तो अरबी अनेकवचनाचा प्रत्यय मानला, तर ‘जाहिरात’ हे रूप ‘जवाहिरात’सारखे अनेकवचनी ठरते. (‘जवाहिर’ मुळातच अनेकवचन असल्याने ‘जवाहिरात’ हे अनेकवचनाचेही अनेकवचन आहे.) मराठीने मात्र ‘जाहिरात’ स्त्रीलिंगी एकवचनी धरून तिचे ‘जाहिराती’ असे नवे अनेकवचन केले. हा शब्द दरबारी फार्सीतून थेट आला असावा, ही एक शक्यता. दुसरी शक्यता अशी की, मुंबईच्या छापखान्यांच्या परिसरात मराठी आणि गुजराती या दोन्ही भाषांत तो साधारण बरोबरीने रूढ झाला असावा. गुजरातीत ‘जाहेरात’ आणि ‘जाहेरखबर’ हे शब्द आजही आहेत, जुन्या मराठी वृत्तपत्रांतही ‘जाहीर खबर’ हा मथळा आढळतो, आणि हिंदीने मात्र ‘विज्ञापन’ व ‘इश्तिहार’ असे वेगळे शब्द घेतले. हे पाहता दुसरी शक्यता अधिक जवळची वाटते. मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रांत देशी लिपींतील जाहीर मजकूर अठराव्या शतकाच्या अखेरीपासून छापला जाऊ लागला, असे सामान्यतः मानतात; म्हणजे ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे दर्पण निघाले, तेव्हा ही प्रथा मुंबईकर वाचकाला नवी नसावी.

स्वतःच्या मालाची स्वतःच वाखाणणी करण्याविषयी मराठी समाजात एक जुना संकोच दिसतो. दासबोधातील मूर्खलक्षणांत आपणच आपली स्तुती करणारा आणि वडिलांची कीर्ती सांगणारा या दोघांचीही गणना केली आहे. दुसऱ्या लक्षणात ‘तीन पिढ्यांची परंपरा’ असे लिहिणाऱ्या निम्म्या पाट्या सापडतील, ही गोष्ट वेगळी. मराठी माणूस धंद्यात मागे पडला तो या संकोचामुळे, असे ठोकून देण्याची लेखकांना सवय आहे. त्याविरुद्ध जाणारी उदाहरणे मात्र ठसठशीत आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात १८८८ मध्ये सायकलींचे दुकान काढले आणि पुढे ते लोखंडी नांगराकडे वळले. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीमुळे पहिली गिऱ्हाइके मिळायलाच फार काळ गेला, असे सांगतात. किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्कर खबर सुरू केले, ते कारखान्याची व मालाची माहिती लोकांपर्यंत नेण्यासाठी. पुढे त्यात कथा, लेख, चित्रे येत गेली आणि ते मराठीतले एक अग्रगण्य मासिक बनले. १९२० पर्यंत किर्लोस्कर ‘लघु’ राहिले नव्हते, हे खरे. तरीही ‘नुसते दर टाकू नका, लोकांना वाचावेसे वाटेल असे काही द्या’ हा जो सल्ला आज इन्स्टाग्रामवर धंदा करणाऱ्यांना उठसूट दिला जातो, त्याचे हे पूर्वरूप मानायला हरकत नाही.

लहान दुकानदाराला मासिक काढणे शक्य नव्हते. त्याच्या हाती होता पाटी रंगवणारा पेंटर, ज्याची सही पाटीच्या खालच्या कोपऱ्यात असे आणि तीच त्या पेंटरची जाहिरात होई. जयंतराव साळगावकरांचे कालनिर्णय १९७३ मध्ये सुरू झाले. दिनदर्शिकेखाली आपल्या दुकानाचे नाव छापून ती गिऱ्हाइकाला दिवाळीनंतर भेट देण्याची रीत सराफ, किराणा दुकानदार, पतसंस्था यांच्यात चांगलीच रुजली. बारा महिने भिंतीवर राहणारी आणि दूधवाल्याच्या खाड्यांसाठी रोज हाताळली जाणारी अशी दुसरी जाहिरात दाखवणे कठीण आहे.

पाटीच्या इतिहासातील सर्वाधिक चर्चिले गेलेले वाक्य म्हणजे ‘आमची कोठेही शाखा नाही’. त्याचा उगम निश्चित सांगता येत नाही. पुण्याशी ते जोडले जात असले, तरी तशा पाट्या इतर गावांतही होत्या आणि आहेत. त्याचे दोन अर्थ लावले जातात. लोकप्रिय अर्थ पुणेरी ताठ्याचा : आम्हाला वाढायचे नाही, हवे असेल तर येथे या. विनोदी लेखनाने हा अर्थ पक्का केला. दुसरा अर्थ संरक्षणाचा, आणि व्यापारचिन्हांच्या कायद्याच्या अंगाने पाहिल्यास तो अधिक ग्राह्य वाटतो. भारतात व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा पहिला कायदा १९४० चा. त्याआधी मालावरच्या खोट्या चिन्हांसाठी १८८९ चा कायदा होता, पण दुकानाचे नाव नोंदवून राखून ठेवण्याची सोय नव्हती. त्यातून मराठी दुकानाचे नाव बहुधा आडनाव असते, आणि आडनावावर एकाचा हक्क चालत नाही : १९९९ च्या विद्यमान कायद्याच्या कलम ३५ नुसारही प्रामाणिकपणे स्वतःचे नाव धंद्यासाठी वापरणाऱ्याला अडवता येत नाही. नोंदणी नसलेल्या नावाची कोणी नक्कल केली तर ‘आपला माल त्यांचा म्हणून खपवतो’ असा दावा लावता येतो (कलम २७); पण तो चालवण्याइतका पैसा आणि वेळ पेढेवाल्याकडे कुठून असणार? त्याला परवडणारा उपाय पाटीचाच. साताऱ्यात कंदी पेढ्यांच्या आणि लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानांवर ‘मूळ’, ‘जुने’, ‘अस्सल’ असे शब्द हारीने दिसतात, तेही याच कारणाने. ताठा पुढे आला असेल; आधी होती ती धास्ती.

हाच मजकूर आता समाजमाध्यमांवर गेला आहे. नावापुढे ‘ऑफिशियल’ जोडणे, ‘आमचे हे एकच पेज आहे, दुसऱ्या नंबरवर पैसे पाठवू नयेत’ असे वर टाचून ठेवणे, ही शाखा नसल्याच्या पाटीची थेट वारस म्हणावी लागतील. फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक असलेल्या मेटा कंपनीने जून २०२३ मध्ये भारतात दरमहा ६९९ रुपये घेऊन खाते अस्सल असल्याची निळी खूण देण्यास आरंभ केला, तेव्हा अस्सलपणाही भाड्याने मिळू लागला.

फेसबुकवर धंद्यासाठी स्वतंत्र ‘पेज’ची सोय नोव्हेंबर २००७ मध्ये आली. लहान व्यावसायिकांत तिचा प्रसार मात्र स्वस्त डेटानंतरचा, म्हणजे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतरचा समजला जातो. व्हॉट्सॲपवरील २४ तासांनी नाहीसे होणारे स्टेटस फेब्रुवारी २०१७ पासूनचे, धंद्यासाठीचे वेगळे ॲप जानेवारी २०१८ मधले आणि त्यातली मालाची यादी (कॅटलॉग) नोव्हेंबर २०१९ ची.

यांपैकी घरगुती विक्रेत्यांनी सर्वांत आपलेसे केले ते स्टेटस. दिवाळीच्या आधी दिसणाऱ्या मजकुराचा साचा साधारण असा असतो : ‘भाजणीची चकली, सुक्या खोबऱ्याच्या करंज्या, अनारसे यांच्या ऑर्डर घेणे सुरू. किमान अर्धा किलो. वसुबारसेनंतर ऑर्डर घेतली जाणार नाही. घरपोच सेवा नाही. ॲडव्हान्स जीपे करावा.’ खाली ताटातल्या चकल्यांचा फोटो, बाजूला पणती आणि झेंडूचे फूल. ओळींतले ‘नाही’ मोजले तर हा मजकूर लिहिणारीचे पाटीशी असलेले नाते लपत नाही. परदेशी पाठवायच्या फराळाची मागणी आधीच सुरू होते, आणि तिच्यात पदार्थापेक्षा पॅकिंगचे वर्णन लांब असते. साड्यांची विक्री फेसबुकच्या ‘लाइव्ह’वर रात्री जेवणानंतर चालते. विक्रेती एकेक साडी उलगडून पदर, काठ, ब्लाउजपीस दाखवते आणि ‘आवडली तर स्क्रीनशॉट काढून पाठवा, नग एकच आहे’ म्हणत पुढची घेते.

तांत्रिक बाजूने पाहता व्हॉट्सॲपची साधनेही जुन्या ओळखीवरच उभी आहेत. नेहमीच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ नावे मावतात, आणि निरोप पोहोचतो तो फक्त ज्याने विक्रेत्याचा नंबर फोनमध्ये साठवला आहे त्यालाच. स्टेटसचेही तेच. म्हणून पिशवीवर आणि पावतीवर ‘नंबर सेव्ह करून ठेवा’ असे छापलेले असते. सोसायटीच्या किंवा शाळेच्या ग्रुपवर जाहिरात टाकणे असभ्य मानतात; काही ग्रुप त्यासाठी आठवड्यातला एक वार राखून ठेवतात. ओळखीतल्या ओळखीत स्तुती करायची तर तोंडाने नव्हे, फोटोने करावी, असा अलिखित संकेत दिसतो, आणि गिऱ्हाइकाने पाठवलेला ‘खूपच छान झाल्या होत्या’ हा निरोप जसाच्या तसा स्टेटसला ठेवणे त्यात बसते.

फेसबुकवर अडचण वेगळी आहे. पेज ‘लाइक’ केलेल्यांपैकी किती जणांना पोस्ट दिसावी, हे कंपनी ठरवते. ओगिल्वी या जाहिरातसंस्थेने केलेल्या पाहणीत विनामूल्य पोहोच ऑक्टोबर २०१३ मध्ये सुमारे १२ टक्के होती, ती फेब्रुवारी २०१४ मध्ये ६ टक्क्यांवर आली. ही पेजेस मोठ्या नाममुद्रांची (ब्रँड) असल्याने आकडे लहान दुकानाला जसेच्या तसे लावू नयेत. घसरणीची दिशा मात्र सर्वमान्य आहे. जानेवारी २०१८ मध्ये आप्तमित्रांच्या मजकुराला अग्रक्रम देण्याचे धोरण कंपनीने जाहीर केले आणि ‘बूस्ट करणे’, म्हणजे पैसे भरून पोस्ट दाखवणे, हा शब्द दुकानदारांच्या बोलण्यात रुळला. पूर्वी जाहिरातीची भिंत घरमालकाची असे, आता ती कंपनीची, इतकाच फरक. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली, त्यांत टिकटॉक होते. तेथे जमवलेले प्रेक्षक त्या रात्रीत गेले, आणि जुलैमध्ये इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणल्यावर अनेकांना शून्यापासून सुरुवात करावी लागली. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम एकदम बंद पडले, ते सुमारे सहा तासांसाठी. पितृपक्षाचे शेवटचे दिवस आणि रात्रीची वेळ, म्हणून आपल्याकडे झळ कमी बसली असावी. घटस्थापना तीनच दिवसांवर होती.

मराठीपुरती एक अडचण लिपीची आहे. फ्लेक्स छापणारे अक्षरजुळणीसाठी अनेक वर्षे युनिकोडपूर्व (युनिकोड हा सर्व संगणकांना समान असा अक्षरसंकेत) फॉन्ट वापरत आले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी त्यांत विशेष प्रचलित. फ्लेक्ससाठी केलेले तेच चित्र दुकानदार फेसबुकवरही चढवतो. त्यात मजकूर असतो, पण तो चित्राच्या पोटात; ‘पुरणपोळी’ असा शोध घेणाऱ्याला तो सापडेलच असे नाही. दुसरीकडे, इन्स्टाग्रामवरील खात्याच्या नावात (हँडल) रोमन अक्षरे, अंक, टिंब आणि खालची रेघ एवढेच चालते. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुकानाचा नामफलक देवनागरीत, आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत असणे बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईतील दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. त्याच पाटीखाली चिकटवलेला क्यूआर कोड मात्र गिऱ्हाइकाला रोमन नावाकडेच नेतो.

सगळ्याच व्यावसायिकांना स्वजाहिरातीची मुभा नाही. वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी (नियम ३६) आणि डॉक्टरांना २००२ च्या आचारसंहितेने ती मनाई आहे. तिच्यातून वाट काढणारे ‘माहितीपर’ व्हिडिओ हा स्वतंत्र विषय होईल. घरगुती तेले, काढे विकणाऱ्यांना १९५४ चा औषधे व जादूई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा लागू होतो. अनेकींना तो ठाऊक नसतो आणि ‘मधुमेहावर रामबाण’ असे स्टेटस बिनदिक्कत लावले जाते. खाद्यपदार्थ विकणाऱ्या लहान उत्पादकाला अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी घ्यावी लागते. १४ अंकी क्रमांक स्टेटसच्या चित्रात टाकण्याची रीत हळूहळू पडते आहे. गिऱ्हाइकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक संस्थेचे आयएस १९००० हे ऐच्छिक मानक २०२२ मध्ये आले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दिशाभूल करणारी जाहिरात कोणत्याही स्वरूपाची वा माध्यमातील असो, ती कारवाईस पात्र आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली हे प्राधिकरण पहिल्या वेळी १० लाख आणि पुढे ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. स्टेटसच्या बाबतीत अडचण पुराव्याची : मजकूर २४ तासांत जातो, उरतो तो फार तर कोणी काढलेला स्क्रीनशॉट, आणि तो न्यायालयात दाखल करायचा तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते.