टो रेटिंग आणि पेलोड: ट्रेलर घेण्याआधी दारावरचा स्टिकर वाचा

‘गाडी ५,००० पौंड ओढते, ट्रेलर ३,६०० चा आहे, म्हणजे आरामात जमेल.’ अमेरिकेत मिडसाइज एसयूव्हीमागे ट्रॅव्हल ट्रेलर (चाकांवरचं फिरतं घर) लावू पाहणाऱ्या आपल्या मंडळींकडून हे गणित सारखं ऐकू येतं, आणि विक्रेतेही त्याला मान डोलावतात. हे गणित अपुरं आहे.

टो रेटिंग सगळ्यांना पाठ असतं. गाडी मागे किती वजन ओढू शकते, तो हा आकडा. बहुतेक उत्पादक तो ज्या एसएई जे२८०७ चाचणीने ठरवतात, तिच्यात गाडीत चालक आणि एकच प्रवासी धरतात, दोघेही १५० पौंडांचे. मागच्या सीटवरची मुलं आणि डिकीतलं सामान त्या हिशेबात नसतं.

पेलोड म्हणजे गाडीने स्वतःच्या अंगावर घ्यायचं वजन. चालकाच्या दाराच्या चौकटीवर पिवळा-पांढरा स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून किती चालेल ते त्यावर लिहिलेलं असतं. माहितीपत्रकातला आकडा धरू नका. सनरूफ आणि महागड्या ट्रिममुळे तुमच्या गाडीचा आकडा कमी असू शकतो.

खरी गफलत पुढे आहे. ट्रेलर नुसता मागून ओढला जात नाही, तो हिचवर, म्हणजे गाडीमागच्या जोडणीवर, बसतोही. हिचवर पडणारं हे वजन म्हणजे टंग वेट. ते भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असतं आणि ते पूर्ण पेलोडमधून जातं. ३,६०० हे ड्राय वेट झालं. त्यात पाणी, भांडी, अंथरुणं, किराणा काहीच नाही. नुसतं ३० गॅलन पाणीच २५० पौंड भरतं. ट्रेलर ४,४०० चा धरा. १२ टक्क्यांनी टंग वेट ५३० च्या आसपास. चौघं ६००, सामान १५०, वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (बार लावून टंगचा भार सगळ्या अ‍ॅक्सलवर वाटणारा हिच) ८०. एकूण १,३६०. स्टिकरवर १,२५० असेल, तर टो रेटिंगला ६०० पौंड शिल्लक असूनही गाडी ११० पौंडांनी ओव्हरलोड आहे. शिवाय ५,००० च्या अनेक गाड्यांना टंग वेटची मर्यादा ५०० च असते, तीही मोडली.

यावर ‘सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला टाका’ हा सल्ला देणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. टंग वेट १० टक्क्यांखाली गेलं की हायवेवर ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागण्याचा धोका वाढतो, आणि ते झुलणं आवरलं नाही तर तो गाडीसकट उलटू शकतो. जड सामान ट्रेलरच्या अ‍ॅक्सलच्या जरा पुढे, खाली ठेवायचं. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच पुढच्या चाकांवरचा भार परत आणतो, पण कुठलंही रेटिंग वाढवत नाही. काही उत्पादक तो लावू नका असंच सांगतात, तेव्हा मॅन्युअल आधी.

ट्रेलरचे ब्रेक चालवणारा कंट्रोलर, विजेच्या जोडणीचं सात पिनचं कनेक्टर, हिचवरच्या बॉलचा आकार हे दुकानात तासाभरात उरकतं.

वजन मात्र प्रत्यक्षच करा. ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केल या वजनकाट्यावर टाकी भरून, सगळे गाडीत बसून, आधी नुसती गाडी तोला. मग ट्रेलर जोडून, हिचचे बार सैल ठेवून पुन्हा. गाडीच्या दोन्ही अ‍ॅक्सलवर जितकं वाढलं, तितकं टंग वेट. हिचचा दांडा पहिल्या खेपेलाही लावलेला हवा. चौघांच्या कुटुंबाने वरच्या हिशेबातल्या गाडीमागे भरून ३,५०० च्या वरचा ट्रेलर घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.