कामगारांचा पुढारी आणि ठेकेदारांचा पुढारी: संघटना एका शब्दाच्या, बाजू दोन

सांगलीत विश्रामबागच्या बाजूला एका इमारतीचे काम चालू असताना तिथल्या गवंड्याला मी सहज विचारले, की तुम्ही कोणत्या संघटनेत आहात. त्याने शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले ओळखपत्र काढून दाखवले. ते संघटनेचे नव्हते, बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचे होते. ज्या कार्डावर भांड्यांचा संच मिळाला आणि मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरता आला, ती आपली संघटना, असा त्याचा सरळ हिशेब होता. थोड्या वेळाने मोटारसायकलवरून ठेकेदार आला. ‘आमच्या संघटनेची’ बैठक आहे, लवकर निघायचे आहे, असे तोही सांगू लागला. त्याची संघटना अर्थातच ठेकेदारांची होती. एकाच स्लॅबखाली दोघे एकच शब्द उच्चारत होते आणि त्या शब्दाने एकमेकांच्या समोरच्या दोन बाजू सांगत होते.

हा घोळ बोलण्यापुरता राहत नाही, तो पुढाऱ्यांच्या चरित्रातही शिरतो. आयर्लंडचे टॉम पार्लन हे त्याचे चांगले उदाहरण आहे. 1997 ते 2001 या काळात ते तिथल्या शेतकऱ्यांच्या सर्वांत मोठ्या संघाचे अध्यक्ष होते. 2002 मध्ये प्रोग्रेसिव्ह डेमोक्रॅट्स या छोट्या पक्षातर्फे ते संसदेवर निवडून आले आणि अर्थखात्याचे राज्यमंत्री झाले. 2007 च्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला आणि त्याच वर्षी देशातील बांधकाम उद्योगाच्या महासंघाचे महासंचालकपद त्यांनी स्वीकारले. अशा माणसाची ओळख एका ओळीत करून देताना ‘संघटनेचा लढाऊ नेता मालकांच्या गोटात गेला’ असे म्हणण्याचा मोह होतो. आपल्याकडे कोणी तसे केले, तर गावच्या पारावर याहून कडक शब्द ऐकू येतील. परंतु पार्लन यांच्या बाबतीत हे वाक्य अर्धेच खरे आहे, आणि उरलेले अर्धे समजण्यासाठी कामगारांची संघटना व उत्पादकांची संघटना यांतला फरक नीट पाहावा लागतो.

त्यासाठी सांगली जिल्ह्यातील साखर कारखान्याचे फाटक पुरेसे आहे. गळीत हंगामाच्या तोंडावर त्या फाटकासमोर उसाच्या दरासाठी शेतकरी ठिय्या देतात, वाहने अडवतात, पहिल्या उचलीचा आकडा जाहीर झाल्याखेरीज उसाला कोयता लावू देणार नाही, असे बजावतात. त्याच फाटकाच्या आत, कधी त्याच वर्षी, कारखान्याचे कामगार वेतनकरारासाठी घोषणा देत असतात. घोषणांची चाल सारखी, झेंड्यांची उंची सारखी, पुढाऱ्याचा घसा बसण्याची वेळही सारखीच. तरीही शेतकरी तिथे माल विकणारा म्हणून उभा असतो आणि कामगार स्वतःचे श्रम विकणारा म्हणून. शेतकऱ्याची मागणी 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाच्या चौकटीत बसते: ऊस कारखान्याला दिल्यापासून 14 दिवसांत रास्त व किफायतशीर दर मिळावा, नाही मिळाला तर थकबाकीवर 15 टक्के व्याज मिळावे. कामगाराची मागणी औद्योगिक संबंधांच्या कायद्यात बसते. आणि ज्या शेतकऱ्याचा ऊस तोडला जातो, त्याच्याच फडात बीडकडून आलेली टोळी राबत असते. त्या टोळीचा करार मुकादमाशी आणि कारखान्याशी असला, तरी ‘खुशाली’ म्हणून चार पैसे जास्त मागितले की शेतकऱ्याच्या कपाळावर जी आठी पडते ती मालकाचीच असते.

ही आठी ओळखता आली की पार्लन यांची उडी दिसते तेवढी लांब राहत नाही. जानेवारी 2000 मध्ये त्यांच्या संघाने गुरांच्या दरवाढीसाठी मांस कारखान्यांची नाकेबंदी केली होती. उच्च न्यायालयाने संघाला रोजच्या हिशेबाने जबर दंड लावला, तेव्हा पदाधिकाऱ्यांनी राजीनामे दिले. आंदोलनाचे रूप अस्सल कामगार संपासारखे होते, पण मागणी मालाच्या दराची होती. ठेकेदारही दरासाठीच भांडतो; निविदेचा दर परवडत नाही, सिमेंट आणि सळई महागली, देयक अडकले, ही त्याची गाऱ्हाणी शेतकऱ्याच्या गाऱ्हाण्यांच्या घरातलीच आहेत. तेव्हा शेतकऱ्यांच्या संघाकडून ठेकेदारांच्या महासंघाकडे जाणे म्हणजे माझ्या मते बाजू बदलणे नव्हे, तर त्याच बाजूच्या दुसऱ्या दुकानात बसणे होय. गिरणी कामगारांचा किंवा माथाडींचा नेता बिल्डरांच्या संघटनेचा अध्यक्ष झाला, तर मात्र ती खरी बाजूबदल ठरेल.

बाजू कोणती, हे वेतनाचा प्रश्न आला की लपत नाही. 2008 नंतर आयर्लंडमधील घरबांधणी कोसळली आणि पार्लन ज्या महासंघाचे प्रमुख होते, त्याने बांधकाम मजुरांचे कायद्याने बांधलेले वेतनदर खाली आणण्याचा आग्रह धरला. 2011 मध्ये ते दर साडेसात टक्क्यांनी उतरले. शेतकऱ्यांसाठी दर वाढवून मागणारा तोच माणूस इथे मजुरीचा दर उतरवून मागणाऱ्यांच्या बाजूला बसला होता, आणि यात विसंगती शोधण्याचे कारण नाही, कारण एका ठिकाणी दर म्हणजे सभासदाची मिळकत होती आणि दुसऱ्या ठिकाणी सभासदाचा खर्च.

आता कायद्याकडे. इथे वाचकाला चकवणारी गोष्ट अशी, की कायद्यालाही हे दोन प्रकार पूर्ण वेगळे वाटत नाहीत. आपल्या 1926 च्या कामगार संघटना कायद्याच्या व्याख्येत कामगार व मालक, कामगार व कामगार, त्याचप्रमाणे मालक व मालक यांच्यातील संबंधांचे नियमन करणारा समूह, असे तिन्ही येत होते. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या मालकांची जूटही ‘ट्रेड युनियन’ म्हणून नोंदवता येते. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने ही व्याप्ती कायम ठेवली आहे. आयर्लंडमध्ये तर बांधकाम महासंघाकडे वाटाघाटींचा परवाना आहे आणि तो 1941 च्या ट्रेड युनियन कायद्याखालचाच आहे. त्यामुळे पार्लन यांना कोणी कागदावरून ‘ट्रेड युनियनवाला’ म्हटले, तर त्याला खोटे ठरवता येणार नाही. कागद बरोबर आणि समज चूक, असा हा प्रकार आहे.

आपल्याकडे व्यवहारात मात्र व्यावसायिकांच्या संघटना या वाटेने सहसा जात नाहीत. त्या संस्था नोंदणी कायद्याखाली किंवा ना-नफा कंपनी म्हणून नोंदतात. त्यांच्यातही दोन जाती आहेत, त्या एकत्र करू नयेत. 1941 मध्ये स्थापन झालेली बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया ही नावात बिल्डर असूनही मुख्यतः ठेकेदारांची आहे, तर 1999 मध्ये उभी राहिलेली क्रेडाई जागा घेऊन सदनिका विकणाऱ्या विकासकांची आहे. साताऱ्यात किंवा सांगलीत सर्वसामान्य माणूस दोघांनाही ‘बिल्डर लोक’ म्हणून मोकळा होतो.

नोंदणीच्या या फरकातून राजकारण्यांसाठी एक मोठा फरक निघतो. नोंदणीकृत कामगार संघटनेत बाहेरच्या माणसाला पदाधिकारी होता येते, पण संख्येची मर्यादा आहे: असंघटित क्षेत्रात किमान निम्मे पदाधिकारी प्रत्यक्ष काम करणारे असले पाहिजेत. मंत्री तर पदाधिकारी होऊच शकत नाही. 2001 च्या दुरुस्तीने ती बंदी आली आणि नव्या संहितेतही ती आहे. आमदाराला मात्र मोकळीक आहे. राजकीय कामासाठी संघटनेला वेगळा निधी ठेवावा लागतो आणि त्यात वर्गणी देण्याची सभासदावर सक्ती करता येत नाही. संस्था म्हणून नोंदलेल्या व्यावसायिक संघटनेला हा कामगार कायदा लागू होत नाही. मंत्रिपद गेल्यावर काही महिन्यांत उद्योगाच्या संघटनेत बसण्यावर आयर्लंडमध्येही 2007 साली आडकाठी नव्हती. पुढे 2015 च्या लॉबिंग कायद्याने माजी मंत्र्यांसाठी एक वर्षाचा खंड घातला. पार्लन यांच्याकडे मंत्री असताना शासकीय इमारती सांभाळणारे कार्यालय होते, म्हणजे आपल्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या जवळचे काम. त्यामुळे त्यांच्या नव्या पदावर टीका झाली. या टीकेत मला तथ्य वाटते, मात्र ते मंत्री होते म्हणून. शेतकरी नेते होते म्हणून नव्हे.

साताऱ्याला उलट्या दिशेचा प्रवास जास्त ओळखीचा आहे. कूपर कारखान्याचे धनजीशा कूपर आधी उद्योजक होते आणि 1937 मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान, म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्री, झाले. याच जिल्ह्यातील पाटण तालुक्याचे अण्णासाहेब पाटील मात्र मुंबईत पाठीवर ओझी वाहणाऱ्यांचे नेते झाले, विधान परिषदेत गेले आणि अखेरपर्यंत त्यांची ओळख माथाडींचा माणूस हीच राहिली. 1969 च्या माथाडी कायद्याने उभी राहिलेली मंडळे आणि गवंड्याच्या खिशातले कार्ड देणारे मंडळ एक नव्हे, हेही जाता जाता सांगायला हवे. माथाडी मंडळ मजुराची मजुरी स्वतः जमा करून वाटते. बांधकाम मंडळ बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकरातून योजना चालवते, मजुरी ठरवत नाही.

दोन्ही प्रकारच्या पुढाऱ्यांची गाठ पडते ती याच बांधकाम मंडळावर. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने राज्य मंडळावर जास्तीत जास्त 15 सदस्य ठेवले आणि त्यात शासन, मालक व कामगार यांचे प्रतिनिधी समसमान असावेत, असे सांगितले. उपकर मालकाने भरायचा असतो, म्हणून मालकांच्या प्रतिनिधीचे लक्ष आकारणीवर असते. लाभ कामगाराला मिळायचा असतो, म्हणून कामगारांच्या प्रतिनिधीचे लक्ष नोंदणीवर.

त्या गवंड्याचे कार्ड पुन्हा चालू करायचे होते. त्यासाठी गेल्या 12 महिन्यांत 90 दिवस बांधकामावर राबल्याचा दाखला लागतो. तो दाखला त्याने खिशातून काढला तेव्हा चौघडी पडून पार मऊ झाला होता आणि सहीची जागा कोरी होती. ठेकेदाराने मोटारसायकलच्या टाकीवर कागद पसरला, हजेरीचे दिवस विचारले, ‘खाडे धरून सांगतोयस का?’ म्हणून खात्री केली, सही केली आणि तो बैठकीला निघून गेला.